मदत हवी आहे: व्हीएमला स्थिर आयपी दिला की नेट गायब

तुटकी_केबल: होम सर्व्हरवरच्या व्हीएमला (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा नेटवर्क पत्ता, द्यायचाय. नेटप्लॅनच्या (नेटवर्कची सेटिंग्ज ठेवणारा प्रोग्राम) फाइलमध्ये १९२.१६८.१.५० टाकला, गेटवे (बाहेर जायची वाट, म्हणजे राउटर) १९२.१६८.१.१. अप्लाय केलं की नेट बंद. डीएचसीपीवर (पत्ता आपोआप मिळतो ते) परत नेलं की नेट सुरू, पण मग लॅपटॉपवरून एसएसएच (दुरून लॉगिन) लागत नाही. व्हिडिओ बघून सगळं करून झालंय. रीस्टार्ट करा असं सांगू नका, प्लीज. जरा लवकर.

पॅकेटवाला: व्हीएम कशात चालवताय? प्रॉक्समॉक्स, व्हर्च्युअलबॉक्स? ओएस कुठली? डीएचसीपीवर असताना आयपी कोणता मिळतो? नेमकं तेच लिहिलं नाहीत.

जुनाजाणता: व्हीएमच्या आत हात घालायचाच कशाला? राउटरमध्ये मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाचा नंबर) रिझर्व्हेशन करा, दर वेळी तोच आयपी मिळेल, विषय संपला. माझ्याकडे सगळं तसंच आहे.

बिट्टू_रूट: आणि राउटर बदलला की सगळं पुन्हा भरत बसा! सर्व्हरचा पत्ता सर्व्हरवरच हवा. फक्त तो ५० राउटरच्या डीएचसीपी पूलमध्ये (तो आपोआप वाटतो त्या पत्त्यांत) नाही ना ते बघा, नाहीतर उद्या एखाद्या फोनला तोच मिळायचा.

हौशी_गडी: स्थिर आयपी नेट देणाऱ्या कंपनीकडून घ्यावा लागतो. वेगळे पैसे पडतात.

पॅकेटवाला: तो पब्लिक आयपी हो. इथे घरातल्या घरात चाललंय.

तुटकी_केबल: व्हर्च्युअलबॉक्स, उबुंटू २४.०४. डीएचसीपीवर १०.०.२.१५ येतो. त्याचा काय संबंध?

पॅकेटवाला: सगळा संबंध तिथेच आहे. १०.०.२.१५ म्हणजे व्हीएम नॅटवर आहे, घरच्या नेटवर्कवर थेट नाही. व्हर्च्युअलबॉक्स तिला स्वतःचं वेगळं नेटवर्क देतो, त्याचा गेटवे १०.०.२.२. तुमचा १९२ वाला पत्ता तिथे चालणारच नाही. व्हीएम बंद करा, सेटिंग्जमध्ये नेटवर्क, अडॅप्टर १, तिथे नॅटच्या जागी ब्रिज्ड अडॅप्टर करा (मग व्हीएम थेट घरच्या नेटवर्कवर येते) आणि खाली होस्टचं, म्हणजे व्हीएम ज्यावर चालते त्या मशीनचं, केबलवालं कार्ड निवडा. वायफायवर ब्रिज कधी चालतो, कधी रुसतो. मग फाइलमध्ये डीएचसीपी४ ला 'नो', पत्त्यापुढे /२४ (नेटवर्क केवढं ते सांगणारा आकडा) हवाच. 'गेटवे४' आता जुनं झालं, 'राउट्स'खाली डीफॉल्ट लिहा. टॅब दाबू नका, स्पेसच. आणि अप्लायऐवजी 'नेटप्लॅन ट्राय' चालवा, १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनं सेटिंग आपोआप परत येतं.

बिट्टू_रूट: +१. अवांतर: होम सर्व्हरवर व्हर्च्युअलबॉक्स कशाला? प्रॉक्समॉक्स टाका, ब्रिज आयता मिळतो.

जुनाजाणता: त्यांनी विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय!

तुटकी_केबल: एसएसएच लागलं! पण आता अपडेट होत नाही. ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग, म्हणजे पोचतंय का बघायचा संदेश, जातो, साइटच्या नावाला जात नाही.

पॅकेटवाला: नेमसर्व्हर्स (साइटच्या नावावरून आयपी शोधून देणारे, म्हणजेच डीएनएस) लिहिलेत का?

तुटकी_केबल: ते पण लिहायचं असतं? थांबा... झालं, चाललं. आभार.

जुनाजाणता: रिझर्व्हेशन केलं असतं तर डीएनएस राउटरनेच दिला असता.

बिट्टू_रूट: राउटर बदलेपर्यंत.