दोन टनांचे लेथ मशीन ट्रकने दूरच्या शहरात पाठवायचे आहे : पूर्ण ट्रक घ्यावा की पार्ट लोड चालेल?

नमस्कार.

आमची कार्यशाळा आम्ही सुमारे दीड हजार किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्या शहरात हलवत आहोत. हत्यारे, कपाटे आणि कच्चा माल यांची सोय झाली आहे. प्रश्न उरला आहे तो एका लेथ मशीनचा. त्याचे वजन जवळपास दोन टन, लांबी तीन मीटर, रुंदी एक मीटर आणि उंची दीड मीटर आहे. मशीन जुने असले तरी त्याचा बेड, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर बसतात तो लांब पाया, अजून सरळ आहे आणि अचूक मापाचे काम त्यावर आजही निघते. असे मशीन पुन्हा मिळणे कठीण असल्यामुळे भाड्यात काय वाचते यापेक्षा ते धडधाकट पोहोचावे, याचीच मला जास्त काळजी आहे.

दोन प्रकारचे प्रस्ताव आले आहेत. पहिल्यात संपूर्ण ट्रक आमच्यासाठी असेल आणि तो आमच्या दारातून निघून थेट नव्या जागेवर जाईल. दुसरा पार्ट लोडचा आहे : मशीन आधी वाहतूकदाराच्या गोदामात जाईल, तिथे इतरांच्या मालाबरोबर मोठ्या ट्रकवर चढेल, दुसऱ्या शहराच्या गोदामात उतरेल आणि तिथून लहान वाहनाने आमच्याकडे येईल. याचे भाडे बरेच कमी सांगितले आहे, परंतु त्यासाठी मशीन लाकडी पेटीत बंद करून द्यावे, अशी अट आहे.

पेटी भक्कम असेल तर पार्ट लोडमध्ये खरोखर काही बिघडत नाही का, भाड्याची आकारणी नेमकी कशावर होते आणि मशीन ट्रकमध्ये बांधण्याची जबाबदारी कोणाची समजावी, हे मला जाणून घ्यायचे आहे. ज्यांनी अवजड यंत्रे पाठवली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर

आपण अंतराचा विचार केला आहे. त्याआधी मशीन किती वेळा उचलले जाणार आहे, हे मोजावे असे मी सुचवेन. पूर्ण ट्रकमध्ये ते एकदा चढते आणि एकदा उतरते. आपण वर्णन केलेल्या पार्ट लोडमध्ये ते तीन वाहनांवर चढेल आणि तीन वाहनांवरून उतरेल, आणि त्यांतील मधल्या चार वेळा तिथे आपला कोणीही माणूस नसेल. लेथचे वजन मधोमध नसते. हेडस्टॉकची, म्हणजे काम फिरवणाऱ्या टोकाची, बाजू बरीच जड असते आणि वरचा भाग जड असल्यामुळे ते कलंडायलाही सोपे असते. बंद पेटीत ही गोष्ट दिसत नाही. फोर्कलिफ्ट चालवणारा पेटीच्या मध्यावर काटे घालतो आणि जड बाजू खाली जाते. म्हणून पार्ट लोडच घ्यायचा असेल, तर गुरुत्वमध्य कुठे आहे आणि काटे कुठे घालायचे, याच्या ठळक खुणा पेटीच्या चारही बाजूंना रंगवाव्यात. माझे स्वतःचे मत मात्र स्पष्टपणे पूर्ण ट्रकच्या बाजूने आहे.

भाडे प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन, यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. काही वाहतूकदार एका घनमीटरला ३३३ किलो धरतात, काही त्याहून कमी. ३३३ धरले तर आपले उघडे मशीन साडेचार घनमीटरचे, म्हणजे सुमारे १,५०० किलोचे होते, आणि आकारणी प्रत्यक्ष दोन टनांवरच होते. तेच मशीन ३.३ मीटर लांब, १.३ मीटर रुंद आणि १.९ मीटर उंच पेटीत घातले की आकारमान ८ घनमीटरच्या वर जाते आणि वजन सुमारे २,७०० किलो धरले जाते. पेटीचे लाकूड आणि सुतारकाम यांचा खर्च निराळाच. त्यामुळे सांगितलेले कमी भाडे उघड्या मशीनचे आहे की पेटीसह आहे, आणि घनमीटरमागे किती किलोचा गुणक लावला आहे, हे लेखी विचारून घ्यावे. हा हिशेब मांडल्यावर दोन प्रस्तावांतील फरक आपल्याला वाटतो तेवढा उरणार नाही, अशी शक्यता आहे.

उचलण्यापूर्वी चक (काम पकडणारा भाग) काढून वेगळा बांधावा, टेलस्टॉक (समोरच्या टोकाचा आधार) घट्ट करावा आणि हेडस्टॉकमधील तेल व शीतक द्रव काढून घ्यावेत. कॅरेज (हत्यार धरून बेडवर सरकणारा भाग) टेलस्टॉकच्या दिशेने सरकवत नेऊन तोल साधता येतो; तोल साधल्यावर ती तिथेच पक्की करावी. पट्टे बेडखालून घ्यावेत. लीड स्क्रू, फीड रॉड (कॅरेज चालवणारे लांब दांडे) किंवा स्पिंडल (चक फिरवणारा आस) यांना पट्टा लावून मशीन कधीही उचलू देऊ नये; घाईत नेमके तेच केले जाते, म्हणून त्या वेळी तिथे स्वतः उभे राहावे.

गंजाचा विचार वेगळा करावा लागेल. दिवसा तापलेले आणि रात्री थंड झालेले लोखंड हवेतील बाष्प ओढून घेते, आणि मशीन प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळले असेल तर ते पाणी आतच राहते. बेडच्या मार्गांवर घट्ट ग्रीस लावून त्यावर गंजरोधक कागद ठेवावा, वर ताडपत्री घ्यावी, पण खालून हवा खेळती राहू द्यावी.

पुन्हा विचारणा

मनःपूर्वक आभार. गुणकाबद्दल विचारणा केली; कमी भाडे उघड्या मशीनचेच होते. त्यामुळे पूर्ण ट्रक घेण्याचे ठरवले आहे. आता अडचण बांधणीची आहे. ट्रकचालकाचे म्हणणे असे की, प्रत्येक पट्ट्यावर २,५०० किलोची क्षमता लिहिलेली आहे, त्यामुळे दोन पट्टे वरून आवळले की दोन टनांना ते पुरेसे आहेत. हे ऐकायला पटते, पण मन निर्धास्त होत नाही. शिवाय बांधणी चुकली आणि मशीनला इजा झाली, तर भरपाई वाहतूकदाराकडून मिळेल की विमा वेगळा काढावा?

उत्तर

आपली शंका रास्त आहे. २,५०० हा आकडा पट्टा किती ताण सहन करतो ते सांगतो. हाताने रॅचेट (पट्टा ताणण्याची दांडीवाली कळ) आवळल्यावर पट्ट्यात प्रत्यक्ष किती ताण येतो, हे त्यावरून कळत नाही. तो ताण साध्या रॅचेटने साधारण ३०० किलोच्या आसपास येतो आणि पट्ट्याच्या चिठ्ठीवर एसटीएफ या अक्षरांपुढे स्वतंत्र लिहिलेला असतो. वरून टाकलेला पट्टा मशीनला धरून ठेवत नाही, फक्त खाली दाबतो. मशीन सरकू न देण्याचे काम घर्षण करते.

आता हिशेब पाहा. मालवाहू वाहनांच्या भरणीसाठी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सीटीयू संहितेत रस्त्यावरच्या प्रवासासाठी पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट, तर बाजूला आणि मागे ०.५ पट जोर धरायला सांगितले आहे. जोराचा ब्रेक लागला की आपले मशीन सुमारे १,६०० किलोच्या जोराने पुढे जाऊ पाहील. मशीनखालचे लाकडी ओंडके आणि ट्रकच्या तळाची प्लायवूडची फळी यांच्यातील घर्षण गुणांक ०.४५ धरला, तर ९०० किलो आपोआप अडतात आणि ७०० किलो उरतात. ३०० किलो ताणाचा एक उभा पट्टा दोन्ही बाजूंनी मिळून ६०० किलोने दाबतो, म्हणजे फक्त २७० किलो अडवतो. तीन पट्टे लागतील, तेही पट्टे फळीशी ९० अंशांत असतील तर. ३० अंशांच्या तिरक्या पट्ट्याचा उपयोग निम्माच होतो. दोन पट्टे पुरत नाहीत, हे यावरून दिसेल.

पट्टे वाढवत बसण्यापेक्षा ओंडक्यांखाली रबरी मॅट घालावी, कारण तिने गुणांक ०.६ पर्यंत जातो आणि उरलेला जोर ४०० किलोवर येतो. मशीनच्या पायापासून ट्रकच्या पुढच्या भिंतीपर्यंत जाड लाकडे ठोकून बसवावीत आणि बेडच्या मजबूत भागापासून चार कोपऱ्यांना फुलीसारखे पट्टे घ्यावेत, म्हणजे कलंडण्याचाही बंदोबस्त होतो. मॅट घातल्यावर बाजूला सरकण्याची भीती जवळपास राहत नाही, कलंडण्याची राहते.

भरपाईबाबत वाहतूकदारावर विसंबू नये. त्याची जबाबदारी बहुधा कायद्याने किंवा पावतीवरील अटींनी मर्यादित केलेली असते आणि ती मालाच्या किमतीवर नव्हे, तर वजनावर किंवा भाड्यावर ठरते. उदाहरणार्थ, रस्त्याने होणाऱ्या आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या १९५६ च्या सीएमआर करारानुसार (१९७८ च्या दुरुस्तीनंतर) ही मर्यादा किलोमागे ८.३३ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) इतकी आहे. विमा अवश्य काढावा, पण अपुरी बांधणी किंवा सदोष वेष्टन यांमुळे झालेले नुकसान मालविम्यात सामान्यतः वगळलेले असते, हे लक्षात ठेवावे. बांधणी कोण करणार हे वाहतूकदाराशी लेखी ठरवून घ्यावे, बांधून झाल्यावर प्रत्येक पट्ट्याचे आणि ओंडक्याचे छायाचित्र काढावे आणि चालकाला पहिल्या काही किलोमीटरांनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळायला सांगावे. नवे पट्टे सुरुवातीला सैल पडतात.

मशीन पोहोचल्यावर सही करण्याआधी त्याच्याभोवती फिरून पाहावे आणि दिसलेली प्रत्येक खरचट पावतीवर नोंदवावी. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीसाठी मुदत थोडी असते. सीएमआरमध्ये ती रविवार आणि सुट्ट्या वगळून सात दिवस आहे. बेडला पीळ पडला आहे का, हे डोळ्यांना कळणार नाही. म्हणून मशीन नव्या पायावर ठेवताच मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणाऱ्या लेव्हलने ते समतल करून घ्यावे आणि एक लांब गोल दांडा कातून दोन्ही टोकांचा व्यास मोजावा. समतल केल्यावरही व्यासात फरक आला आणि निघण्यापूर्वी घेतलेल्या तशाच चाचणीत तो नव्हता, तर विमा कंपनीपुढे ठेवायला आपल्याकडे ठोस पुरावा असेल. ती पहिली चाचणी मशीन सुटे करण्याआधीच घेऊन ठेवावी.