कॉलेज फुटबॉल: आक्रमण वरचढ की बचाव?

प्रश्न: २०११ मध्ये एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या संघाने) अलाबामाला जादा वेळेत ९-६ असे हरवले आणि २०२२ मध्ये टेनेसीने त्याच अलाबामाला ५२-४९ असे, अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधील बचाव एवढा दुबळा कशामुळे झाला असावा?

प्रतिसाद १: बचाव दुबळा झाला म्हणण्यापेक्षा नियमाने त्याचे हात बांधले, असे मला वाटते. कॉलेजमध्ये पुढे पास टाकला जाईपर्यंत आक्रमक लाइनमनला (समोरच्यांना अडवणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला) चाल जिथून सुरू होते त्या रेषेपुढे तीन यार्डांपर्यंत जाता येते, व्यावसायिक एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे चाल धावेची की पासची हे लाइनबॅकरला (बचावाच्या दुसऱ्या फळीतील खेळाडूला) चटकन उमगत नाही आणि तो एक पाऊल पुढे सरकला, की क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) नेमका त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत चेंडू टाकतो.

प्रतिसाद २: तरीही २०१८ च्या हंगामात कायलर मरेसारखा अव्वल क्वार्टरबॅक असूनही ओक्लाहोमाला उपांत्य सामन्यात अलाबामाकडून ४५-३४ अशी हार पत्करावी लागली, कारण त्यांचा बचाव गळका होता.

प्रतिसाद ३: आयोवा हे दुसरे टोक (आणि तेवढेच हट्टी!). २०२३ मध्ये त्यांनी प्रामुख्याने बचावाच्या जोरावर दहा सामने जिंकले. मात्र बिग टेन या त्यांच्या विद्यापीठ-गटाच्या अंतिम सामन्यात मिशिगनविरुद्ध त्यांना एकही गुण करता आला नाही, निकाल २६-०.

प्रश्नकर्ता: तीन यार्डांचा नियम मला ठाऊक नव्हता; पुढच्या सामन्यात चेंडूऐवजी लाइनमनवरच नजर ठेवीन.