डी ब्रॉग्ली की द ब्रॉय?

— बारावीला भौतिकशास्त्रात ‘डी ब्रॉग्ली तरंगलांबी’ घोकली, फ्रेंच शास्त्रज्ञ लुई यांच्या आडनावाची. हल्ली व्हिडिओत ‘द ब्रॉय’ ऐकू येतं. मधला ‘ग्ल’ गेला कुठे? फ्रान्सच्या नकाशात याच नावाचं गावही दिसलं. म्हणजे आपल्या ‘कर’वाल्या आडनावांसारखाच प्रकार का?

— दिसतो तसा, पण इथे गंगा उलटी वाहिली आहे. नॉर्मंडीतल्या या गावाचं जुनं नाव शांब्रे. घराणं मूळचं इटलीतल्या पीडमाँटचं, कियेरी गावचं, आडनाव ब्रोल्या. सतराव्या शतकात ही मंडळी फ्रान्सच्या राजाच्या चाकरीत आली, लढाया गाजवत मार्शल, म्हणजे बडे सेनाधिकारी, झाली. १७४२ साली पंधराव्या लुईने फ्रांस्वा-मारी यांना ड्यूक केलं, तेव्हा शांब्रेला घराण्याचं नाव मिळालं. आडनावावरून गाव!

‘ग्ल’चं म्हणाल तर तो मुळात लिहिण्यापुरताच. इटालियनमध्ये ती अक्षरं ‘ल्य’ अशी वाचतात. फ्रेंचांनी स्पेलिंगमध्ये ती तशीच ठेवली आणि बोलताना ‘ल’ही गाळला, उरला ‘य’. घराण्यातला उच्चार ‘ब्रय’कडे झुकतो, त्यातला स्वर देवनागरीत पकडताच येत नाही. ‘डी’ मात्र निव्वळ इंग्रजीची कृपा, फ्रेंचमध्ये ‘द’.

— मग वर्गात ‘ब्रॉय’ म्हणायचं? पोरं म्हणतील, हा कोण नवीन?

— तरंगलांबी राहू द्या ‘डी ब्रॉग्ली’, ती आता रुळली. माणसाबद्दल लिहिताना मात्र मी ‘लुई द ब्रॉय’ लिहीन आणि पहिल्या उल्लेखात कंसात रूढ रूप देईन. १९२९चं नोबेल मिळवलेला माणूस, निदान नाव तरी धड घ्यावं. थोरले बंधू मॉरिस क्ष-किरणांवर काम करणारे. ते १९६० साली वारले तेव्हा लुई सातवे ड्यूक झाले.

लुई जन्मले दिएपला, ब्रॉय गावात नव्हे. गावात जन्मला तो ऑग्युस्तँ फ्रेनेल, १७८८ साली. वडील वास्तुविशारद, याच घराण्यातल्या मार्शलच्या पदरी कामाला. प्रकाश म्हणजे तरंग, हे गणितानिशी पटवणारा आणि दीपगृहांना भिंग देणारा तो हाच. आपण त्यालाही ‘फ्रेस्नेल’ म्हणतो. त्यातला ‘स’सुद्धा मुका आहे बरं का.