म्हाताऱ्या मांजरीच्या सोनोग्राफीत आतडं जाड आलंय, कॅन्सर आहे का नाही कसं कळणार?

राजारामपुरीकर:
आमची चिंगी 13 वर्षांची. गेले काही महिने वजन उतरतच चाललंय, खाते व्यवस्थित पण मधनंच उलटी करते, पाठीवरनं हात फिरवला की मणके हाताला लागतात. सोनोग्राफी केली त्यात लिहिलंय की जेजुनमची (लहान आतड्याचा मधला भाग) भिंत 3.4 मिमी, मस्क्युलॅरिस (स्नायूचा थर) जाड, थर शाबूत, लिम्फ नोड थोडे मोठे. एक डॉक्टर म्हणतात लिम्फोमा म्हणजे कॅन्सर असणार, दुसरे म्हणतात नुसती सूज आहे, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू करूया. आई तर रिपोर्ट आल्यापासनं नीट जेवेना झालीय. सोनोग्राफीत एवढं दिसतंय तर नक्की काय ते कळत नाही का ओ?

पशुवैद्य_मिरज:
नाही कळत, आणि दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मांजराच्या लहान आतड्याची भिंत साधारण 2 ते 2.5 मिमी असते आणि सोनोग्राफीत तिचे थर पट्ट्यापट्ट्यांसारखे वेगळे दिसतात. तुमच्या चिंगीचे थर शाबूत आहेत, फक्त स्नायूचा थर जाड झालाय. हे चित्र जुनाट सूज म्हणजे आयबीडी आणि स्मॉल सेल लिम्फोमा, दोन्हीत अगदी सारखंच येतं, मशीन कितीबी भारी असलं तरी. एकाच जागी गाठ, थर पार पुसले गेलेत, वरच्या बाजूचं आतडं फुगलंय असं असतं तर लार्ज सेल लिम्फोमा नाहीतर अ‍ॅडेनोकार्सिनोमा या दुसऱ्या कॅन्सरची शंका जास्त, अशा गाठीत सुई घालूनही बऱ्याचदा निदान होतं. तुमच्यात मात्र बायोप्सीच, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून तपासणं, लागेल. आणि एक कळकळीनं सांगतो, बायोप्सी करायची असेल तर प्रेडनिसोलोन आधी सुरू करू नका, त्यानं पेशी दबतात आणि रिपोर्ट गोंधळात टाकतो.

कसबा_बावडा:
ताई, आमच्या बोक्याचं सेम असंच होतं, बायोप्सीत स्मॉल सेल निघाला. ऐकून हातपाय गळाले होते पण हा प्रकार हळू वाढतो, प्रेडनिसोलोन आणि क्लोरॅम्ब्युसिल या केमोच्या गोळ्यांवर बरीच मांजरं दीड-दोन वर्षं चांगली काढतात, आमचा अजून गॅलरीत कबुतरांवर डोळा ठेवून बसतोय. क्लोरॅम्ब्युसिलची गोळी मोडायची नाही, हातात ग्लोव्हज घालूनच द्यायची, आणि रक्त तपासत राहायचं. कॅन्सर शब्द ऐकून आईंनी लगेच आशा सोडू नये एवढंच.

राजारामपुरीकर:
लई आधार वाटला दादा, आईला वाचून दाखवते. पण 13 व्या वर्षी पोट उघडायचं म्हणजे भीती वाटते, भूल झेपेल का तिला?

पशुवैद्य_मिरज:
वयापेक्षा किडनी आणि हृदय कसं आहे ते बघायचं. आधी रक्तात किडनीसाठी क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टी4 आणि व्हिटॅमिन बी12 करून घ्या. या वयात थायरॉइड वाढलं तरी मांजर भरपूर खाऊन बारीक होतं आणि उलट्याही करतं, ते निघालं तर उपचारच वेगळा. बी12 कमी असेल तर इंजेक्शन लगेच सुरू करता येतं, त्यानं बायोप्सीत काही बिघडत नाही. एन्डोस्कोपीनं तुकडा घेता येतो पण तो आतल्या थराचाच, आणि जेजुनमपर्यंत दुर्बीण सहसा पोचत नाही, म्हणून ऑपरेशन करून पूर्ण जाडीचा तुकडा घेतलेला बरा. शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात फोन करून विचारा, नाहीतर पुण्यात. सोनोग्राफीच्या फोटोंची फाईलपण सोबत न्या, नुसता कागद नको, सर्जनला जाड भाग कुठनं कुठपर्यंत आहे ते स्वतः बघू दे.