चेहरा माझाच, पण बघणारा फक्त 'इफेक्ट' बघतो

गेली सहा वर्षं मी व्हिडिओ-मांडणी करते, म्हणजे दालनात पडद्यांवर दाखवायची कलाकृती. आता माझेच जुने सेल्फी सॉफ्टवेअरला देऊन 'मी' नसलेला चेहरा तयार केलाय. लोक "भारी इफेक्ट!" म्हणतात आणि पुढे जातात. मला त्यांना अस्वस्थ करायचं होतं. तंत्र मागे कसं सारू?

उत्तर १
कलाकार लिन हर्शमन लीसन यांचं काम बघ. १९७०च्या दशकात त्यांनी रॉबर्टा ब्राइटमोर नावाची काल्पनिक बाईच घडवली. तिला बँक खातं होतं, ड्रायव्हिंग लायसन्सही. संगणक नाही, तरी ओळख किती कागदी असते ते अंगावर येतं.

उत्तर २
कलाकार राफाएल लोझानो-हेमर यांची 'पल्स रूम' (२००६) ही बल्बांची मांडणी बघ. सेन्सर धरला की तुमच्या नाडीवर बल्ब लुकलुकतो. पुढच्या माणसाने धरला की तुमचे ठोके पुढच्या बल्बवर सरकतात, असं करत रांगेतून बाहेर. तुमची जागा दुसऱ्याने घेतलेली तुम्हाला दिसते! तुझ्या कामात बघणाऱ्याचं काय पणाला लागतं?

प्रश्नकर्ती
काहीच नाही, हे आत्ता कळलं. पडद्याशेजारी कॅमेरा लावून त्यांचा चेहरा माझ्यात मिसळून बघते. परवानगी आधी विचारणार, आणि चेहरे साठवणार नाही, हे नक्की.