मदत हवी आहे: घाट चढून आल्यावर टर्बो डिझेल गाडी लगेच बंद करावी का?

नमस्कार मंडळी. भिवंडीहून नाशिकला माल भरून पिकअप चालवतो. कसारा घाट चढलो की इगतपुरीला चहाला थांबतो, आणि आजवर थांबल्या थांबल्या चावी फिरवत आलो.

गेल्या महिन्यात टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, गेला. मिस्त्रींनी इंटरकूलरचा (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करतो तो) पाइप काढून दाखवला, आतून तेलाने माखलेला. टर्बोची दांडी बोटाने हलवली तर चक्क खुळखुळत होती. ते म्हणाले, ही दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि तरंगते ती ऑइलवर. इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं, पण टर्बो तापलेलाच असतो, मग आत राहिलेलं ऑइल जळून कोळशासारखं चिकटतं. पटलं मला.

आता नवा टर्बो बसवलाय, खर्च फार झाला, पुन्हा परवडणार नाही. धाकटा भाऊ म्हणतो, बंद करण्याआधी गाडी उभी करून इंजिन एक मिनिट नुसतं चालू ठेवलं की पुरे, मिस्त्री म्हणतात घाटानंतर तीन. गावात सावकाश फिरून आल्यावरही थांबायचं का? की शेवटचे दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवलं तरी भागतं? लोड गाडी चालवणाऱ्या दादांनी स्वतःचा अनुभव सांगा, प्लीज.