मदत हवी आहे: कॅप्टन तक्त्यात नेमका कुठे बसवायचा?

नमस्कार मंडळी,

शाळकरी मुलांसाठी सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांचा तक्ता करते आहे. तिन्ही दलांतले बरोबरीचे हुद्दे एका ओळीत यावेत, एवढंच हवंय. पण कॅप्टनपाशी गाडी अडली.

भूदलातला कॅप्टन लेफ्टनंटच्या वर आणि मेजरच्या खाली, म्हणजे तसा तरुण अधिकारी. नौदलातला कॅप्टन मात्र कमांडरच्याही वर, थेट कर्नलच्या बरोबरीचा. नाव एकच, अंतर तीन पायऱ्यांचं! भूदलाच्या कॅप्टनशेजारी नौदलाचा लेफ्टनंट लिहावा लागतो, आणि मुलं तिथेच गोंधळणार.

हवाई दलात तर देशागणिक फरक. अमेरिकेचं हवाई दल १९४७ पर्यंत भूदलाचाच भाग होतं, त्यामुळे तिथे भूदलाचीच नावं चालतात. ब्रिटनच्या हवाई दलाने १९१९ मध्ये स्वतःची नावं घेतली. त्यात फ्लाइट लेफ्टनंट भूदलाच्या कॅप्टनइतका, तर ग्रुप कॅप्टन कर्नलइतका. भारतीय हवाई दलातही हीच नावं आहेत.

आता खरी अडचण. हुद्द्यांना दर्जाचे क्रमांक देतात; भूदलाचा कॅप्टन अमेरिकेच्या यादीत ओ-३ आहे, नाटो या लष्करी आघाडीच्या यादीत ओएफ-२. यातलं बरोबर कोणतं? शिवाय लेफ्टनंट कमांडर हुद्द्याच्या अधिकाऱ्याकडे जहाज असलं की त्यालाही सगळे कॅप्टन म्हणतात. त्याला कुठे ठेवू? मुलांच्या हाती चुकीचं काही जाऊ नये, म्हणून विचारते आहे.

प्रतिसाद:

ताई, दोन्ही आकडे बरोबर आहेत. अमेरिकेत सेकंड लेफ्टनंट ओ-१ आणि फर्स्ट लेफ्टनंट ओ-२, असे वेगळे मोजतात. नाटो या दोघांना ओएफ-१ मध्येच धरतं, म्हणून पुढचे आकडे एकाने मागे पडतात. नौदलाचा कॅप्टन अमेरिकेत ओ-६, नाटोत ओएफ-५. अनेक देश एकत्र दाखवायचे असतील तर नाटोचेच आकडे घ्या, आणि ओळी आकड्यांवरून लावा, नावांवरून नको.

जहाजावरचा कॅप्टन ही जबाबदारी आहे. त्या अधिकाऱ्याचा हुद्दा लेफ्टनंट कमांडरच राहतो, म्हणजे मेजरच्या ओळीत. ‘जहाजाचा प्रमुख, हुद्दा कोणताही असो’ अशी तळटीप द्या. मुलांना कारण सांगायचं तर भूदलाचा कॅप्टन मुळात एका कंपनीचा, म्हणजे सैनिकांच्या एका तुकडीचा, प्रमुख असे आणि नौदलाचा अख्ख्या युद्धनौकेचा. एवढं कळलं की दर्जातला फरक त्यांना लगेच पटतो.